चौकशीची चिठ्ठी

लेम हॅस्केटनं हात पुढे केला होता तो बर्फ थांबलाय की नाही, एवढंच बघायला. सकाळपासून भुरभुर चालली होती आणि हडसन नदीकाठच्या ट्रॉय गावातल्या भट्ट्यांची काजळी त्या भुरभुरीत मिसळून खाली येत होती, म्हणून निघताना त्यानं सदऱ्याची सुटी कॉलर गळ्याला न लावता रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवली होती. निम्म्या गावातल्या बायका कॉलरी शिवून आणि खळ घालून पोट भरतात, त्या गावात मळक्या कॉलरीनं मालकाच्या दारात उभं राहणं त्याला जमलं नसतं. गॅरोसाहेबांच्या घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं, बर्फ थांबला असला तर कॉलर लावायची आणि मग पायऱ्या चढून घंटा ओढायची, असा साधा बेत होता. म्हणून तो टोपी काखेत धरून, तळवा वर करून उभा राहिला, आणि त्या तळव्यावर बर्फाऐवजी एक चिठ्ठी पडली. "हे पैसे नव्हेत हं," फरचा कोट घातलेली एक तरुण बाई म्हणाली, अगदी गोड आवाजात. "पैशानं माणूस बिघडतो. या पत्त्यावर जा, तिथं नीट चौकशी करतात. तुम्ही लायक असाल तर नक्की मदत मिळेल." लेमनं चिठ्ठीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडातून शब्द आले, "आभारी आहे, बाईसाहेब."

ती पाचसहा पावलं पुढे गेल्यावर त्याला तिची चाल ओळखू आली. उजवं पाऊल जरासं आत वळायचं. ही थिओडोरा, गॅरोसाहेबांची मुलगी. सहा वर्षांची असताना ती बापाचं बोट धरून कारखान्याच्या माळ्यावर यायची आणि लेमच्या बाकाशी उभी राहून विचारायची, "मिस्टर हॅस्केट, जिराफाची मान तुटणार नाही ना?" तिच्या त्या नाताळासाठी लेमनं पाइनच्या लाकडातून नोहाची अख्खी नौका कोरली होती, जनावरांच्या जोड्यांसकट, कामाचे तास संपल्यावर, स्वतःच्या हौसेनं. आता तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून चिठ्ठी दिली होती, आणि तो चेहरा तिला कुठेच भेटलेला नव्हता. कॉलर नसलेला गळा आणि पसरलेला हात, तिला तेवढंच दिसलं. तिचं तरी काय चुकलं, असं तो स्वतःला समजावू लागला. पण तिच्या विसरण्याचं दुःख एका बाजूला, त्याला खरी आग लागली होती ती आपल्या जिभेची. आभारी आहे म्हणे. कशाबद्दल? एकतीस वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाच्या तोंडात हा शब्द इतका तयार कसा बसला होता?

चिठ्ठी त्याला वाचावीच लागली नाही. तसल्या चिठ्ठ्यांचं पुडकं आठ वर्षं त्याच्या स्वतःच्या खिशात असायचं. 'या इसमाची चौकशी व्हावी', खाली मदतमंडळाचा पत्ता आणि मागच्या बाजूला देणाऱ्याचं नाव. मंडळाचे अध्यक्ष गॅरोसाहेबच. कारखान्यातल्या मोजक्या भरवशाच्या माणसांना त्यांनी ती पुडकी दिली होती आणि त्यात लेम पहिला. भिकारी दारात आला की पैसा द्यायचा नाही, शिळा तुकडाही द्यायचा नाही, चिठ्ठी द्यायची. मंडळाची बाई त्याच्या घरी जाऊन बघते, शेजाऱ्यांना विचारते, जुन्या मालकाला विचारते, भावाबहिणींना विचारते. त्याला वखारीत लाकडं फोडायला लावते, आणि मग ठरतं, माणूस लायक की नालायक. लेमला ते फार पटलं होतं. सुताराच्या नजरेला पटावं असंच होतं ते, आधी लाकूड तपासा, मग हत्यार लावा. आणि आपण तपासणाऱ्यांच्या बाजूला आहोत याचं एक सुख होतं. ते सुख त्याला तेव्हा सुख वाटलंच नव्हतं, शहाणपण वाटलं होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत गॅरोसाहेब माळ्यावर येत. लेम आणि त्याचे सोबती तिथं शेगड्यांचे लाकडी नमुने कोरत. त्या नमुन्यांवरून खाली ओतारी लोक वाळूत साचे करून बिडाच्या शेगड्या ओतत. लेमच्या हातची द्राक्षवेल तेव्हा अर्ध्या देशाच्या दिवाणखान्यांतून शेगड्यांच्या दारांवर चढलेली होती. साहेब खोक्यावर उभे राहत, एक बूट खिळ्यांच्या पेटीवर ठेवत, आणि निसर्ग कसा चाळणी लावतो ते सांगत. "पाइनच्या एका झाडाखाली हजार बिया पडतात. नऊशे नव्व्याण्णव मरतात. एक झाड होतं. त्या मेलेल्यांसाठी जंगल रडतं का? रडलं असतं तर जंगलच झालं नसतं. गरिबाला उगाच जगवणं म्हणजे सगळं रान किडवणं. ज्यानं मनावर घेतलं तो वर आला. मी आलो, तुम्ही येताय." लेम पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचा. तोंडात डबलरोटीचा घास तसाच राहायचा. खरं म्हणजे पाइनबद्दल त्या माळ्यावर त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मोकळ्या माळावर एकट्यानं वाढलेलं झाड त्यानं किती वेळा कापून पाहिलं होतं. ते खालपासून फांद्या फोडतं, त्याच्या फळीत गाठच गाठ निघते आणि पटाशी दर बोटावर अडते. सरळ, बिनगाठीचं, लोण्यासारखं कोरलं जाणारं लाकूड मिळतं ते दाट रानातलं, जिथं शेजारची झाडं खेटून उभी असतात. हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं आणि ते जिभेवर एकदाही आलं नाही. साहेबांच्या बोलण्यात आपण काय गाठ काढायची, असं वाटलं असेल. किंवा तो हजारातला एक आपण, हे ऐकायला बरं वाटत होतं.

आणि एसा. आठवायचं नाही म्हटलं तरी चिठ्ठी हातात असताना एसाला कुठं लपवणार? एसा त्याचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात खाली ओतारी. वितळलेल्या बिडाच्या रसाचं भांडं कलंडलं आणि उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरून आल्यावर, पाच हिवाळ्यांमागे, तो एका दुपारी लेमच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. मागितलं काय, तर वसंतापर्यंत राहायला एक खाट. लेमनं खिशातून पुडकं काढलं आणि वरची चिठ्ठी त्याला दिली. एसानं ती डाव्या हातानं उलटीसुलटी करून पाहिली. "लेम, ही तुझ्या घराची चिठ्ठी की थेट स्वर्गाची?" तो हसत म्हणाला. "आत शेगडी पेटलीये, तिची ऊब लागतेय मला इथवर. तीसुद्धा चौकशी झाल्यावरच द्यायची का रे?" लेम म्हणाला, "नियम आहे, एसा. तुझ्याच भल्याचा आहे. तू लायक आहेस, मग भितोस कशाला?" डेल्फीन, त्याची बायको, पाठीमागून आली आणि लेमला कोपरानं बाजूला सारून तिनं अर्धा ॲपल-पाय फडक्यात बांधून एसाच्या बगलेत कोंबला. मग ती दोन दिवस लेमशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या मिस पेल्टन चौकशीला आल्या, एसाच्या भावाकडे, म्हणजे लेमकडेच. पुढच्या खोलीत, त्याच्याच वेलीच्या शेगडीसमोर त्या बसल्या, गुडघ्यावर कार्ड, हातात पेन्सिल. बाई शिकलेल्या, सभ्य. सुताराच्या घरात अशी बाई बसून त्याचं मत विचारतेय हे लेमला इतकं मानवलं होतं की त्यानं पाठ ताठ केली आणि बोटं एकमेकांत गुंफली, गॅरोसाहेब गुंफत तशी. "तुमचे बंधू कष्टाळू आहेत का?" तो म्हणाला, "त्यानं मनावर घेतलं असतं तर पुष्कळ झालं असतं." वाक्य त्याचं नव्हतंच, गुरुवारचं होतं. पण तोंडात असं चपखल बसलं की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. पेन्सिल चालली. एसाला कोळसा मिळाला नाही, खाट मिळाली नाही, काम मिळालं नाही. तो नदीपलीकडे वेस्ट ट्रॉयला गेला आणि पुलाच्या टोकाशी गाडी लावून भाजलेल्या शेंगा विकू लागला. लेम रविवारी कधी पुलावरून गेलाच तर पलीकडच्या कडेनं जायचा. आपण खोटं थोडंच बोललो, असं तो मनाशी म्हणायचा. मनावर घेतलं असतं तर काहीतरी झालंच असतं की.

आता त्याची स्वतःची पाळी आली होती. ऑक्टोबरात मंदी आली, साध्या शेगड्या खपू लागल्या, वेली कुणाला नकोत, आणि शनिवारी संध्याकाळी माळ्यावरच्या नऊ जणांना घरी पाठवलं. लेमचं नाव पहिलंच. बँक त्याआधीच बुडाली होती. चार महिन्यांत घरातला कोळसा संपला, आणि वेलीच्या शेगडीत आता त्यानं सरावासाठी कोरलेले जुने तुकडे जळत होते, एकेक पान, एकेक घोस. आल्बनीच्या एका कारखान्यात नमुने कोरणाऱ्याची जागा होती, शनिवारपर्यंत. पण जुन्या मालकाचा नाहीतर मंडळाचा दाखला असल्याखेरीज तिथं दारातही उभं करत नव्हते. दोन ओळींचं काम. गॅरोसाहेब ते करतील याबद्दल लेमच्या मनात शंका नव्हती. त्यानं कोपऱ्यावरच कॉलर लावली, चिठ्ठी मुठीत दाबली आणि पायऱ्या चढला.

साहेब स्वतः दारात आले. "हॅस्केट! ये, ये. पाय पूस." आतल्या गरम हवेनं लेमचे कान दुखायला लागले. सगळं ऐकून घेतल्यावर साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दाखला देणं सोपं आहे रे. पण तुला देऊ आणि उरलेल्या आठांना काय सांगू? सगळ्यांना एकच रस्ता. मंडळाकडे जायचं. तूच सांग, गुरुवारी पहिल्या बाकावर बसून मान कोण डोलवायचं?"

"मी, साहेब."

"बघ! आणि हातात काय आहे ते? चिठ्ठी? अरे, मग अडलंय कुठं! दिली कुणी?"

"मिस थिओडोरांनी."

"पोरीला नजर आहे," साहेब खूश होऊन म्हणाले. मग आवाज खाली आणून, "वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याच्यात दम आहे तो तरतोच. मी मध्ये पडलो तर तुझाच अपमान होईल." ते हे मनापासून बोलत होते, हेच लेमला सगळ्यात असह्य झालं. फसवणारा माणूस निदान नजर चुकवतो. साहेबांची नजर स्वच्छ होती. एकतीस वर्षं ज्या शब्दांना तो आपल्यासाठी लावलेली शिडी समजत आला, ते शब्द त्याच्यासाठी कधी नव्हतेच. त्याला फक्त त्या शब्दांना टाळी द्यायला बोलावलं होतं. दार बंद झाल्यावर तो पायरीवर उभा राहिला आणि त्याला एकदम रडू फुटेलसं वाटलं, भर दुपारी, पन्नाशी उलटलेल्या माणसाला.

मंडळाच्या कचेरीत मिस पेल्टनच होत्या. केस पांढरे झाले होते, पेन्सिलीऐवजी टाक आला होता. त्यांनी त्याला ओळखलं नाही, किंवा ओळखून ओळख दाखवली नाही. नाव, पत्ता, दारू पिता का, चर्चला जाता का, घरात विकण्यासारखं काही आहे का. "जवळचे नातेवाईक?" त्यांनी विचारलं. "एक भाऊ. वेस्ट ट्रॉयला." "आम्हांला त्यांना विचारावं लागेल." "विचारा," तो म्हणाला. नियम त्याला पाठ होता. मग तीन दिवस वखारीत ओकचे ओंडके. कोरण्याचे हात फोडण्याच्या कामाला लागले की पहिल्याच दिवशी सालटी निघतात. कुऱ्हाड उचलताना त्याला सारखं एकच दिसत होतं: इथेच, याच ओंडक्यांपुढे, पाच वर्षांपूर्वी एसाला उभं केलं असणार. डाव्या हातात कुऱ्हाड, उजवीकडे नुसतं बाहीचं टोक. ओंडका पायानं धरला असेल का त्यानं? हा प्रश्न पाच वर्षांत त्याला पडला नव्हता. एसा आता काय सांगणार होता? जे लेमनं सांगितलं तेच त्यानं परत सांगितलं, शब्दाला शब्द, तरी त्याला कोण नावं ठेवणार? कुऱ्हाड पडत होती आणि प्रत्येक घावाला लेमला वाटत होतं, सांग बाबा, सांग आणि मोकळा हो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वखारीच्या फाटकातून शेंगांचा खमंग वास आला. एसा गाडी बाहेर लावून आत शिरला, दाढी वाढलेली, डोळे तसेच मिस्कील. "वा रे सुतारा! ओंडका फोडतोयस की त्याच्यावर वेल काढतोयस?" तो फळीवर टेकला आणि कोटाच्या खिशातून शेंगांची गरम पुडी काढून लेमच्या मांडीवर टाकली. लेमनं पुडी दोन्ही हातांत धरली, फोडली नाही.

"बाई आली होती काल," एसा म्हणाला. "म्हटलं, बाई, असला कामसू माणूस तुम्हांला अख्ख्या हडसनकाठी मिळायचा नाही. लहानपणी हा उपाशी राहून मला खाऊ घालायचा म्हणून सांगितलं. तेवढं जरा तिखटमीठ लावलं, पण बरं वठलं. लिहून घेतलं सगळं बाईनं."

"एसा," लेम म्हणाला. "त्या वेळी मी—"

"ठाऊक आहे मला. तेव्हाच वाचून दाखवलं होतं बाईनं. 'मनावर घेतलं असतं तर.'" एसानं एक शेंग दातांनी फोडली. "पहिल्यांदा असा संताप आला की म्हटलं, पूल ओलांडून जावं आणि उरलेल्या हातानं एक ठेवून द्यावी. मग शेंगा भाजता भाजता हसू यायला लागलं. ते बोलणं तुझं नव्हतंच रे, गॅरोचं होतं. तू नुसता त्यावर कोरीवकाम केलंस."

लेमला मान वर करता येईना. मार बसला असता तर सोसला असता. ही माया त्याला सोसेना. कचेरीतून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली. "जा, जा," एसा म्हणाला, "कॉलर नीट कर आधी. मी थांबतो."

मिस पेल्टननी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली होती. "मिस्टर हॅस्केट, लाकडं चांगली फोडलीत. घर स्वच्छ आहे. पण तुमच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार एकच, तुमचे बंधू, आणि ते स्वतः आमच्या नालायकांच्या यादीत आहेत. अशा माणसाची साक्ष आम्ही धरत नाही. मिस्टर गॅरोंनी कळवलंय, त्यांना काही म्हणायचं नाही. तेव्हा..."

"भावाला यादीत घातलं ते कुणाच्या सांगण्यावरून?" लेमनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, तरी ते बाईंच्या तोंडून यावं असं त्याला वाटलं. त्यांनी दुसरं कार्ड उलटलं आणि वाचलं, "लेम्युएल हॅस्केट, थोरले बंधू. माणूस विश्वासू." वाचता वाचता त्या थांबल्या. त्यांच्या गालावर जरासा रंग चढला.

विश्वासू. साऱ्या गावात त्याच्या बाजूनं लिहिलेला तो एकच शब्द होता आणि तो त्यानं भावाला गाडून मिळवला होता. लेमनं टेबलाची कड धरली. "बाई, मी तेव्हा खोटं बोललो होतो. एसाइतका कष्टाळू ओतारी खालच्या मजल्यावर दुसरा नव्हता. हात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो उजव्या कोपरानं फावडं धरून वाळू ओढायला आला होता, तरी त्याला घरी पाठवलं. मी पाहिलं होतं. खोडा ते. तो लायक आहे, म्हणजे त्याची साक्षही खरी."

मिस पेल्टननी टाक खाली ठेवला. वाईट बाई नव्हती ती. "आम्ही खोडत नाही, मिस्टर हॅस्केट," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "फक्त पुढे लिहितो. तुम्ही खोटं बोललात असं म्हणताय, ते मला तुमच्या कार्डावर लिहावं लागेल. मग दाखला नाही, कोळसाही नाही. आणि खोटं बोलणाऱ्याच्या शब्दावर बंधूंचा शेरा बदलता येत नाही. तुमचा काहीच फायदा नाही यात. मी ऐकलंच नाही असं समजू का? महिनाभरानं पुन्हा अर्ज करा."

तेवढ्यात खिडकीबाहेर एसा कुणाला तरी शेंगा देत होता, पुडी दातांत धरून, डाव्या हातानं सुटे परत करत. आल्बनीची जागा परवा भरणार होती. घरी डेल्फीन शेवटच्या घोसाचे तुकडे करत बसली असेल. महिनाभर गप्प राहायचं, एवढंच. गप्प राहण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती.

"लिहा," लेम म्हणाला.

टाक दौतीत बुडाला. त्यानं तो करकरताना शेवटपर्यंत ऐकला, मग मान लववली. या वेळी आभारी आहे म्हणाला नाही. फाटकाबाहेर एसा गाडीच्या निखाऱ्यांवर डावा तळवा शेकत उभा होता. लेमला पाहताच तो सरसावला. "काय झालं? माझी साक्ष चालली का रे? पहिल्यांदाच कुणीतरी माझं म्हणणं कागदावर घेतलंय."

लेमनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"चालली," तो म्हणाला. "तुझ्यावरच तर झालं सगळं."

"बघ!" एसा मोठ्यानं हसला, आणि त्यानं एका हातानं भावाची वाकडी झालेली कॉलर सरळ केली. "आता या गाडीला हात लाव. चढ आहे पुलापर्यंत."